वेदनाशामक कमी होताना

ट्रॅमाडॉल हे अफूवर्गीय वेदनाशामक एप्रिल २०१८ पासून अमली पदार्थविषयक कायद्याच्या (१९८५) कक्षेत आले.

अचानक बंद केल्यास : घाम, जुलाब, निद्रानाश, अस्वस्थता, वेदनाही तात्पुरती वाढते.

कमी करण्याची रीत : वर्षाहून अधिक काळ औषध घेणाऱ्यांत साधारणपणे महिन्याला १० टक्के किंवा त्याहूनही हळू; त्रास वाढल्यास डॉक्टर मात्रा तिथेच स्थिर ठेवतात.

जोडीला : फिजिओथेरपी, बेताचा व्यायाम, शेक, नियमित झोप. खचलेल्या मनासाठी टेलिमानस हेल्पलाइन : १४४१६.

धोका : औषध कमी झाल्यावर शरीराची सवय मोडते, पूर्वीची मात्रा पुन्हा घेतल्यास श्वास बंद पडू शकतो.

रुग्णांनी शिल्लक गोळ्या, जुनी चिठ्ठी आणि नोंदवही प्रत्येक तपासणीला सोबत न्यावी.