समुद्र बुजवून उभी राहिलेली जत्रा

टोकियो स्टेशनात केइयो लाइनचा फलाट गाठणं ही जपानच्या सहलीतली पहिली परीक्षा असते. पाट्या दिसत राहतात, फलाट काही येत नाही. सरकते पट्टे, जिने, पुन्हा सरकते पट्टे असं करत जमिनीखालून दहाएक मिनिटं चालावं लागतं. लहान मुलं आणि बाबागाडी बरोबर असेल तर हा वेळ आधीच धरून ठेवावा. एकदा गाडी मिळाली की मात्र पंधरा मिनिटांत माइहामा येतं. तिथं गाडी सुटायच्या आधी डिस्नेच्या गाण्याची धून वाजते आणि डब्यातली तरणीताठी माणसंसुद्धा डोक्यावर मिकीचे कान चढवून खाली उतरतात.

टोकियो डिस्नेलँड आणि त्याला लागून असलेलं टोकियो डिस्नेसी ही दोन्ही पार्कं इथंच आहेत. नावात टोकियो असलं तरी जागा चिबा प्रांतातल्या उरायासू शहराची. या शहराची हकीकत ठाऊक असेल तर पार्क बघायची गोडी वाढते.

उरायासू हे कोळ्यांचं गाव होतं. खाडीतल्या शिंपल्या आणि नोरी नावाचं समुद्री शेवाळ यांवर घरं चालत. 1958 मध्ये वरच्या अंगाला असलेल्या एका कागद गिरणीचं काळं सांडपाणी नदीतून खाडीत आलं, शिंपल्या मेल्या आणि संतापलेले कोळी थेट गिरणीत घुसले. पोलिसांशी झटापट झाली, माणसं जखमी झाली. त्याच वर्षी जपानच्या संसदेनं पाण्याच्या प्रदूषणाविरुद्ध कायदे केले. पण खाडी पूर्वीसारखी झाली नाही. 1962 मध्ये गावानं मासेमारीचे काही हक्क सोडले, 1971 मध्ये उरलेलेही. खाडीत भराव पडत गेला आणि गावाचं क्षेत्रफळ जवळपास चौपट झालं. आज मिकी ज्या जमिनीवर नाचतो, तिथं साठ-सत्तर वर्षांपूर्वी होड्या फिरत होत्या.

या भरावावर काय उभारायचं, यासाठी 1960 मध्ये ओरिएंटल लँड कंपनी स्थापन झाली होती. तिनं 1979 मध्ये डिस्नेशी करार केला आणि 15 एप्रिल 1983 रोजी अमेरिकेबाहेरचं पहिलं डिस्नेलँड उघडलं. पार्काची मालकी जपानी कंपनीचीच आहे. डिस्नेला नाव, पात्रं आणि कल्पना यांचा मोबदला मिळतो. त्यामुळे पाहुणा अमेरिकेचा असला तरी घर जपान्यांनी चालवलेलं आहे, आणि ते पावलोपावली जाणवतं.

ते सगळ्यात ठळकपणे दिसलं 11 मार्च 2011 ला. त्या दुपारी ईशान्य जपानमधल्या तोहोकूच्या भूकंपानं टोकियोही हादरलं, तेव्हा दोन्ही पार्कांत मिळून सुमारे 70,000 माणसं होती. उरायासूच्या भरावाच्या जमिनीत पाणी उफाळून वर आलं, रस्ते खचले, शहराच्या मोठ्या भागात नळ आणि गटारं बंद पडली. पार्काखालची जमीन आधीच वाळूचे खांब ठोकून घट्ट केलेली असल्यानं आतलं नुकसान तुलनेनं कमी झालं, वाहनतळात मात्र चिखल वर आला. कर्मचाऱ्यांपैकी बहुतेक जण अर्धवेळ काम करणारी तरुण मुलंमुली. त्यांनी दुकानातल्या मोठ्या मऊ बाहुल्या लोकांच्या हातात दिल्या आणि त्या डोक्यावर धरायला सांगितलं. विक्रीसाठीचा खाऊ वाटला. गाड्या बंद पडल्या होत्या, म्हणून हजारो लोकांनी ती थंडीची रात्र पार्कातच काढली. हे प्रसंगावधान ऐनवेळी सुचलेलं नव्हतं. अशा कवायती तिथं वर्षभर नेमानं चालतात. डिस्नेलँड पुन्हा उघडलं ते 15 एप्रिलला, म्हणजे वाढदिवसाच्याच दिवशी.

दोन पार्कांपैकी एकाच दिवसाची सवड असेल, तर मोठ्यांनी डिस्नेसी निवडावं. 4 सप्टेंबर 2001 ला सुरू झालेलं हे पार्क जगात फक्त इथंच आहे. समुद्र आणि प्रवास ही त्याची कल्पना. आत शिरल्यावर समोर इटालियन धाटणीचं बंदर लागतं आणि पाठीमागे प्रोमिथियस नावाचा ज्वालामुखी धुमसत असतो. त्याच्या पोटात ज्यूल व्हर्नच्या कादंबरीवर बेतलेला भूगर्भाचा प्रवास आहे. जून 2024 मध्ये फॅण्टसी स्प्रिंग्ज हा आठवा विभाग जोडला गेला. त्यावर सुमारे 320 अब्ज येन खर्च झाले. 'फ्रोझन', रपन्झेल आणि पीटर पॅन यांच्या दुनिया तिथं आहेत आणि सकाळपासून झुंबडही तिथंच उडते.

गर्दी टाळून पाहावी अशी एक जागा अरेबियन कोस्टमध्ये आहे. सिंदबादची नाव. हिच्यात पोटात गोळा आणणारी उडी नाही, भीती नाही. शेकडो हलत्या बाहुल्यांमधून नाव संथपणे सरकत जाते आणि ॲलन मेंकेनचं गाणं कानात घोळत राहतं. सिंदबादबरोबर प्रत्येक प्रसंगात वाघाचं एक पिल्लू दिसतं. त्याचं नाव आहे चंदू! मराठी घरातल्या मुलांना ते कळलं की नावेत एकच हशा पिकतो. चंदूच्या बाहुल्या, चंदूच्या टोप्या दुकानात टांगलेल्या असतात. जवळच्या कॅस्बा फूड कोर्टमध्ये करी आणि नान मिळतं, आणि करीच्या चवीचं पॉपकॉर्न तर इथली जुनी खासियत. ते भरून घ्यायचे रंगीत डबे जपानी मुली गळ्यात दागिन्यासारखे मिरवतात.

डिस्नेलँडमध्ये मिरवणूक बघायला बसलेली माणसं हा स्वतंत्र देखावा आहे. तासभर आधी जमिनीवर पातळ प्लास्टिकच्या चटया अंथरल्या जातात, चपला काठाशी जोडीनं ठेवल्या जातात, पुढचे बसतात म्हणून मागच्यांना दिसतं. मैत्रिणींच्या जोड्या नखशिखांत सारखे कपडे घालून येतात. शाळा कधीच सुटलेल्या कॉलेजकन्या हौसेनं शाळेचा गणवेश घालून येतात. मिरवणूक संपली की चटया घड्या होऊन पिशवीत जातात आणि जमीन जशीच्या तशी मोकळी होते. या पार्कातली सर्वांत सुंदर गोष्ट कुठली असं विचारलं, तर उत्तर हेच.

माइहामाच्या अलीकडचं स्टेशन एदोगावा वॉर्डात येतं. तिथं 117 मीटर उंच आकाशपाळणा आहे. याच वॉर्डातलं निशी-कासाई हे टोकियोतल्या भारतीयांचं मोठं ठाणं. संगणक अभियंत्यांची कुटुंबं इथं वसली, कारण इथून मेट्रोनं ओतेमाचीची कार्यालयं सरळ गाठता येतात. 2019 मध्ये वॉर्डाच्या सभेवर निवडून आलेले योगेंद्र पुराणिक मूळचे महाराष्ट्रातले. भारतीय जेवणासाठी, विशेषतः शाकाहारी प्रवाशांना, निशी-कासाईचा पत्ता मोलाचा आहे. जपानी नूडल्सचा रस्सा आणि मिसो सूप भाज्यांचं दिसलं, तरी त्याच्या तळाशी बहुधा सुक्या माशाचं पाणी असतं. ते विचारून खात्री करून घ्यावी, नाहीतर सरळ निशी-कासाईला उतरावं.

टोकियोत करमणुकीची बाग मात्र डिस्नेपेक्षा कितीतरी जुनी. असाकुसाच्या सेन्सोजी मंदिरामागची हानायाशिकी 1853 मध्ये फुलांची बाग म्हणून सुरू झाली. तिथला रोलर कोस्टर 1953 चा, जपानमधला चालू असलेला सर्वांत जुना. तो घरांच्या भिंतींना घासून जातो असं वाटतं. वेग बेताचा, पण खडखडाट असा की भल्याभल्यांच्या तोंडून किंकाळी निघावी. मंदिर, बाग आणि नदीपलीकडचा 634 मीटरचा स्कायट्री मनोरा हे सगळं एका दुपारी पायी होतं.

टोकियोहून पुढे ओसाकाला जायचं तर शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन. सर्वांत वेगवान नोझोमी गाडी साधारण अडीच तासांत पोचवते. युनिव्हर्सल स्टुडिओज जपान हे पार्क 31 मार्च 2001 ला तिथल्या जुन्या कारखान्यांच्या जमिनीवर उघडलं. हॅरी पॉटरचा विभाग 2014 चा, सुपर निंटेंडो वर्ल्ड 2021 चं. हिरव्या नळातून आत शिरलं की मारिओचा व्हिडिओ गेम चहूबाजूंनी उभा राहतो. मनगटावरचा पट्टा विकत घेतलेली मुलं ठोकळ्यांना गुद्दे मारून नाणी जमवतात आणि आजोबाही उडी मारून बघतात. गर्दीच्या दिवशी या विभागात शिरायला वेळेची वेगळी पावती लागते, ती सकाळीच मोबाइलवर काढावी. संध्याकाळ दोतोन्बोरीच्या कालव्याकाठी घालवावी. तिथं ताकोयाकी खाणाऱ्यांनी घाई करू नये, ऑक्टोपसचे ते गोळे आतून उकळते असतात.

मारिओची खरी जन्मभूमी ओसाकाहून जवळच आहे. निंटेंडो ही कंपनी 1889 मध्ये क्योटोत हानाफुदा नावाचे फुलांचे पत्ते बनवणारी म्हणून सुरू झाली. ऑक्टोबर 2024 मध्ये जवळच्या उजी शहरात, पत्ते जिथं बनत त्याच जुन्या कारखान्यात, कंपनीनं संग्रहालय उघडलं. तिथं भलामोठा कंट्रोलर दोघांनी मिळून खेळता येतो आणि आपल्या हातानं हानाफुदाचे पत्तेही बनवता येतात. तिकिटं सोडतीनं निघतात, तेव्हा विमानाच्या तारखा ठरल्या की पहिला अर्ज तिथं करावा.