कुत्र्याच्या पिल्लाचे पोट वारंवार बिघडते? आधी कारण शोधा, मग औषध द्या

विष्णुपुरी प्रकल्पाच्या पाण्यावर ऊस, केळी, हळद घेणारा शेतकरी असो किंवा लातूरकडील कोरडवाहू सोयाबीन-तुरीचा शेतकरी, रानडुकरे आणि वानरांपासून पीक राखायला आखाड्यावर कुत्रे लागतेच. आपल्या भागात कारवान आणि पश्मी ही कुत्री पिढ्यान् पिढ्या पाळली जातात. मात्र आणलेले पिल्लू पहिल्या दोन-तीन महिन्यांत हगवण लागून दगावते, ही तक्रार गावोगाव ऐकू येते. बहुतेक वेळा क्रम सारखाच असतो. पिल्लाला ढाळ होतात, मेडिकलवरून गोळी आणली जाते, दोन दिवस बरे वाटते आणि आठवड्याने पुन्हा तेच. चौथ्या-पाचव्या वेळी पिल्लू उठत नाही.

सोयाबीन पिवळे पडले तर आपण लगेच फवारणी करत नाही. पाणी साचले आहे का, चुनखडीच्या जमिनीत लोह कमी पडले आहे का, की पिवळा मोझॅक आहे, हे आधी पाहतो. लक्षण एकच असले तरी तिन्हींचे उपाय वेगळे. पिल्लाच्या हगवणीचेही तसेच आहे. पोट पुन्हा पुन्हा बिघडते याचा अर्थ मूळ कारण अजून जागेवर आहे. ती कारणे आणि त्यांची ओळख पुढे दिली आहे. औषध आणि त्याची मात्रा मात्र पशुवैद्यकांनीच ठरवावी.

कारण १ : आहार

पिल्लू किमान ८ आठवडे आईजवळ राहावे. प्रत्यक्षात ते महिनाभराचे असतानाच आणले जाते आणि त्याच दिवसापासून म्हशीचे दूध व भाकरी सुरू होते. कुत्रीच्या दुधात दुग्धशर्करा सुमारे ३ ते ३.५ टक्के असते, तर गाई-म्हशीच्या दुधात ती ५ टक्क्यांच्या जवळपास असते. शिवाय आईचे दूध सुटल्यावर ही साखर पचवण्याची पिल्लाची क्षमता कमी होत जाते. न पचलेली साखर आतड्यात आंबते, पाणी ओढून घेते आणि पातळ, आंबूस वासाची हगवण लागते. असे पिल्लू बहुधा खेळते, खाते, ताप नसतो. दूध बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत विष्ठा घट्ट झाली, तर कारण बऱ्यापैकी स्पष्ट होते.

- दुधाऐवजी थोडे ताजे दही किंवा बिनमिठाचे ताक द्यावे. आंबवण्याने दुग्धशर्करा कमी झालेली असते.
- नुसत्या भाकरीवर पिल्लाची वाढ होत नाही. मऊ भात किंवा कुस्करलेल्या भाकरीबरोबर उकडलेले अंडे, हाडे काढलेले उकडलेले चिकन किंवा बिनफोडणीचे वरण द्यावे.
- तिसऱ्या महिन्यापर्यंत दिवसातून ४ वेळा, सहाव्या महिन्यापर्यंत ३ वेळा आणि त्यानंतर २ वेळा खाऊ घालावे. एकदाच पोटभर घालू नये.
- आहार बदलायचा असेल तर ७ दिवसांत हळूहळू बदलावा.
- फोडणीचे कालवण, कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका, चॉकलेट आणि शिजवलेली हाडे देऊ नयेत. कांद्यामुळे रक्तपेशी फुटतात, द्राक्षे-मनुकांमुळे मूत्रपिंड निकामी होऊ शकते आणि शिजवलेल्या हाडाचे टोकदार तुकडे आतड्यात अडकतात.

कारवान आणि पश्मी ही मुळातच सडपातळ, धावणारी कुत्री आहेत. त्यांचे पिल्लू बारीक दिसते म्हणून कोंबून खाऊ घालू नये.

कारण २ : जंत

आपल्याकडे वारंवार हगवणीचे हे सर्वांत मोठे कारण आहे. पिल्लू नुकतेच जन्मले, त्याला जंत कुठून होणार, असे अनेकांना वाटते. पण गोल जंतांच्या अळ्या आईच्या पोटात असतानाच पिल्लात शिरतात आणि अंकुशकृमी आईच्या दुधातून येतात. म्हणजे डोळे उघडण्याआधीच जंत पोटात असू शकतात.

- गोल जंत : पोट नगाऱ्यासारखे फुगलेले, अंग वाळलेले, केस राठ. उलटीत किंवा विष्ठेत शेवयांसारखे पांढरे जंत दिसतात.
- अंकुशकृमी : हे आतड्याला चिकटून रक्त पितात. विष्ठा डांबरासारखी काळी होते, हिरड्या पांढऱ्या पडतात. लहान पिल्लू यात लवकर दगावते.
- पट्टकृमी : गुदद्वाराभोवती किंवा विष्ठेवर तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसतात. हा जंत पिसवांमार्फत येतो. त्यामुळे पिसवांचा बंदोबस्त केल्याशिवाय नुसत्या जंताच्या औषधाने तो पुन्हा पुन्हा होतो.

जंतनाशक वयाच्या २, ४, ६ आणि ८ व्या आठवड्यात, नंतर सहाव्या महिन्यापर्यंत दर महिन्याला द्यावे. एकच मात्रा देऊन थांबल्यास, शरीरात फिरणाऱ्या अळ्या पुन्हा आतड्यात येऊन मोठ्या होतात. बरे वाटून पुन्हा हगवण लागण्याचे हे एक प्रमुख कारण आहे. मात्रा वजनावर ठरते, म्हणून दर वेळी पिल्लाचे वजन करावे. पिशवीत बसवून ताणकाट्यावरही ते होते. कुत्रीलाही त्याच वेळी जंतनाशक द्यावे. शेळ्यांसाठी आणलेले पातळ औषध अंदाजाने पिल्लाला पाजू नये. मात्रा चुकल्यास तेच औषध विषारी ठरू शकते.

कारण ३ : डोळ्यांना न दिसणारे परजीवी

जंतनाशक वेळेवर दिले, दूध बंद केले, तरी हगवण येते-जाते. विष्ठेला घाण वास येतो, चिकट शेंबूड किंवा रक्ताचे थेंब दिसतात. अशा वेळी जिआर्डिया किंवा कॉक्सिडिया यांचा संशय घ्यावा. हे एकपेशीय परजीवी असून घाण पाणी आणि विष्ठेतून पसरतात. कॉक्सिडियावर नेहमीचे जंतनाशक चालत नाही, वेगळे औषध लागते. निदान विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली तपासूनच होते. जिआर्डिया एका तपासणीत सुटू शकतो, म्हणून दोन-तीन दिवसांचे नमुने द्यावेत. उपचार चालू असताना पिल्लाची जागा कोरडी ठेवावी, भांडी उकळत्या पाण्याने धुवावीत. कालव्याचे, डबक्याचे किंवा शेततळ्याचे पाणी पिऊ देऊ नये.

कारण ४ : पार्वो

पार्वो विषाणूचा आजार जगात १९७८ च्या सुमारास प्रथम ओळखला गेला. मुख्यतः ६ आठवडे ते ६ महिने वयाच्या पिल्लांना तो होतो. आधी पिल्लू मलूल होते, खाणे सोडते, मग उलट्या आणि त्यापाठोपाठ रक्तमिश्रित, अतिशय घाण वासाची हगवण लागते. जंताची हगवण आठवडे चालते, पार्वोत मात्र दोन-तीन दिवसांत जीव जाऊ शकतो. विषाणूला मारणारे नेमके औषध सहज मिळत नसले तरी वेळेवर सलाइन आणि उपचार मिळाल्यास बरीच पिल्ले वाचतात.

हा विषाणू मातीत अनेक महिने टिकतो. जिथे एक पिल्लू पार्वोने मेले, तिथेच महिनाभरात दुसरे लस न दिलेले पिल्लू आणणे म्हणजे तेही गमावणे. फरशी आणि भांडी धुऊन, १ भाग ब्लीच ३० भाग पाण्यात मिसळून ते १० मिनिटे राहू द्यावे. मातीच्या जागेवर ब्लीचचा फारसा उपयोग होत नाही. अशा ठिकाणी लसीकरण पूर्ण झालेलेच कुत्रे आणावे.

लस वयाच्या ६ ते ८ आठवड्यांत सुरू करून दर ३ ते ४ आठवड्यांनी, १६ आठवडे पूर्ण होईपर्यंत द्यावी. 'एक लस दिली होती तरी पिल्लू गेले' असे होते, कारण आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती सुरुवातीच्या लसीला निष्प्रभ करू शकते. म्हणून शेवटचा डोस सर्वांत महत्त्वाचा. तोपर्यंत पिल्लू बाजारात, जत्रेत नेऊ नये. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबा यात्रेसारख्या ठिकाणी दूरदूरची जनावरे एकत्र येतात, तिथे तर नकोच.

कारण ५ : आपल्याच शेतातील विष

हे कारण पशुवैद्यकाला तुम्ही सांगितल्याशिवाय कळत नाही.

- गोगलगायीचे आमिष : २०२२ च्या खरिपात लातूरसह मराठवाड्यात शंखी गोगलगायीने सोयाबीनची रोपे फस्त केली. तेव्हापासून मेटाल्डिहाइडच्या गोळ्या घरोघरी आल्या. त्या कुत्र्यांना आवडतात आणि अत्यंत विषारी आहेत. थरथर, झटके आणि भरमसाट ताप ही लक्षणे.
- उंदरांचे आमिष : झिंक फॉस्फाइडपासून पोटात विषारी वायू तयार होतो. उलटीला लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो. पिल्लाला काही खाऊ घालू नये आणि त्याला मोकळ्या हवेत ठेवावे. उलटीचा वास जवळून घेऊ नये.
- कीटकनाशके आणि गूळ-कोंड्याची आमिषे : लाळ गळणे, बाहुल्या बारीक होणे, थरथर, हगवण.
- एरंडीची पेंड आणि बीजप्रक्रिया केलेले बियाणे : खतासाठी आणलेली पेंड कुत्री आवडीने खातात. तिच्यातील रायसिनमुळे उलट्या आणि रक्ती हगवण होते.

ही सर्व सामग्री कुलुपात ठेवावी. विषबाधेचा संशय आल्यास मीठ-पाणी किंवा तेल पाजून वेळ घालवू नये. औषधाचा डबा किंवा लेबल घेऊन थेट दवाखाना गाठावा.

घरी काय करावे?

पिल्लू खेळकर आहे, उलट्या नाहीत, रक्त नाही आणि वय ३ महिन्यांपेक्षा जास्त आहे, तरच एक दिवस घरी पाहावे.

१. ओआरएसचे पाणी दर १५ मिनिटांनी एक-दोन चमचे पाजावे. जबरदस्तीने ओतू नये, ठसका लागून फुफ्फुसात जाते.
२. लहान पिल्लाला दिवसभर उपाशी ठेवू नये. त्याच्या रक्तातील साखर लवकर घसरते.
३. दोन भाग गुरगुट्या भात आणि एक भाग उकडून कुस्करलेले बिनहाडाचे चिकन, मीठ-मसाला न घालता, थोडे थोडे द्यावे. चिकन चालत नसेल तर ताजे दही घालावे.
४. वहीत नोंद ठेवावी : तारीख, वजन, काय खाल्ले, किती वेळा हगवण, रंग, शेवटचे जंतनाशक आणि लस.

माणसांच्या जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या, पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक देऊ नये. अर्धवट प्रतिजैविकही देऊ नये. जुलाब दाबले तरी जंत, विषाणू किंवा विष आतच राहते.

थांबू नका, दवाखान्यात न्या

- हगवणीत रक्त किंवा काळी विष्ठा
- वारंवार उलट्या, पाणीही न टिकणे
- हिरड्या पांढऱ्या किंवा कोरड्या, खांद्यावरची कातडी चिमटीत धरून सोडल्यास ती हळू बसणे
- अंग गार पडणे, झटके, थरथर
- ३ महिन्यांच्या आतील पिल्लाला हगवण
- महिन्यात दुसऱ्यांदा पोट बिघडणे

जाताना त्याच दिवसाची विष्ठा स्वच्छ डबीत घालून न्यावी, वहीही न्यावी. गावाजवळचा पशुवैद्यकीय दवाखाना, तसेच उदगीर आणि परभणी येथील पशुवैद्यकीय महाविद्यालये यांची मदत घ्यावी. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे.

एक इशारा. पिल्लाला गिळता येत नाही, लाळ गळते, आवाज बदलला आहे किंवा ते विनाकारण चावते, तर घशात हाड अडकले असेल म्हणून तोंडात हात घालू नये. ते रेबीजही असू शकते. चावा किंवा ओरखडा असल्यास जखम साबण-पाण्याने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन लस घ्यावी. पिल्लाला रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात द्यावी आणि पुढील डोस पशुवैद्यकांच्या सल्ल्याने द्यावेत.

प्रश्न एकट्या पिल्लाचा नाही

पिल्लाच्या गोल जंतांची अंडी अंगणातील मातीत दोन-चार आठवड्यांत संसर्गक्षम होतात. ती लहान मुलांच्या पोटात गेल्यास अळ्या यकृतात, फुफ्फुसात, क्वचित डोळ्यातही पोचतात. म्हणून विष्ठा रोज उचलून खोल पुरावी. भाजीपाल्याच्या वाफ्यात किंवा शेणखताच्या खड्ड्यात टाकू नये. पिल्लाशी खेळल्यावर मुलांचे हात साबणाने धुवावेत.

शेळ्या-मेंढ्यांचे कच्चे काळीज, फुप्पुस कुत्र्याला खाऊ घालू नये. त्यातील फोडांतून कुत्र्याला हायडॅटिडचा पट्टकृमी होतो आणि त्याची अंडी माणसाच्या पोटात गेल्यास यकृतात पाण्याच्या गाठी तयार होतात. गाय-म्हैस व्याल्यावर पडलेली वार आणि गर्भपात झालेले वासरू खोल पुरावे. कुत्र्याने ते खाल्ल्यास निओस्पोरासारखे रोग त्याच्या विष्ठेतून वैरणीत येतात आणि पुन्हा गोठ्यात गर्भपात घडवतात.

पिल्लू आणण्याआधीच जंतनाशक आणि लसीच्या तारखा वहीत लिहून ठेवाव्यात. विस्तार कार्यकर्त्यांनी गावातील पिल्लांचे वय विचारून, दवाखान्याशी बोलून एकाच दिवशी सर्वांचे लसीकरण करून घेतले, तर एका फेरीत बरीच पिल्ले वाचतील आणि राखणीचे कुत्रे पुढच्या हंगामात बांधावर दिसेल.