सूक्ष्मलहरी, विद्रावक आणि निंबोळीचा अर्क

वनस्पतिजन्य कीडनाशकांचे अर्क काढणे आणि माती व पानांचे नमुने आम्लात पचविणे ही कामे प्रयोगशाळांत आता मायक्रोवेव्हच्या साहाय्याने तासांऐवजी मिनिटांत होतात. हाच ओव्हन दिल्लीतील द्वारकेच्या सदनिकांपासून विदर्भातील तालुक्यांपर्यंत स्वयंपाकघरांत पोचल्याने घरीच स्पिरिटमध्ये निंबोळीचा अर्क काढण्याचा मोह काही शेतकऱ्यांना होऊ शकतो. म्हणून या वेगामागील विज्ञान विस्तार कार्यकर्त्यांना ठाऊक असणे आवश्यक आहे.

विद्रावक कसा तापतो?

घरगुती ओव्हनमधील लहरींची वारंवारता 2.45 गिगाहर्ट्झ असते. पाणी, मिथेनॉल, इथेनॉल यांसारख्या ध्रुवीय द्रवांचे रेणू या बदलत्या विद्युतक्षेत्रानुसार वळू पाहतात. त्यांच्या परस्पर घर्षणातून द्रव आतूनच तापतो. इथेनॉल या लहरी झपाट्याने शोषते, हेक्झेन मात्र जवळजवळ शोषत नाही. हेक्झेनमध्ये भिजविलेल्या बियांच्या पेशींतील ओलावा मात्र तापतो, पेशी फुटतात आणि तेल तुलनेने थंड विद्रावकात उतरते.

लहरी बंध तोडतात का?

1986 मध्ये कॅनडा व अमेरिकेतील दोन गटांनी मायक्रोवेव्हमध्ये अभिक्रिया कित्येक पटींनी जलद होतात, असे दाखविले. त्यामागे लहरींचा काही गूढ परिणाम असावा, असा तर्क दीर्घकाळ चालला. परंतु कार्बन-कार्बन बंध तोडण्यास लागणारी ऊर्जा या लहरींच्या ऊर्जेच्या सुमारे साडेतीन लाख पट असते. ऑस्ट्रियातील ऑलिव्हर कॅपे यांच्या गटाने सिलिकॉन कार्बाइडच्या कुपीत अभिक्रिया घडविल्या. ही कुपी लहरी स्वतःच शोषते, त्यामुळे आतील द्रवापर्यंत केवळ उष्णता पोचते. तरीही निष्पत्ती बहुतांशी तीच आली. अर्थात, खरे कारण तापमान हेच. बंद पात्रात विद्रावक उत्कलनबिंदूच्या वर तापतो. दर 10 अंशांना वेग दुप्पट धरला, तर 60 अंशांच्या वाढीने तो 64 पट होतो.

शेतकऱ्यांना काय सांगावे?

प्रयोगशाळेतील उपकरणात दाब व तापमानाचे नियंत्रण असते, द्रव ढवळलाही जातो. घरगुती ओव्हनमध्ये यांपैकी काहीच नसते. स्पिरिटची वाफ पेट घेऊ शकते, घट्ट झाकलेली बाटली फुटू शकते. शिवाय निंबोळीतील अझाडिरॅक्टिन हा घटक उष्णतेने विघटित होतो. घाईने काढलेला अर्क निष्प्रभ ठरण्याचा धोका असतो.

म्हणून शेतावर जुनीच पद्धत श्रेयस्कर: 5 किलो निंबोळीची भुकटी 10 लिटर थंड पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी फडक्यातून गाळावी, साबणाचे द्रावण मिसळून एकूण 100 लिटर करावे आणि त्याच दिवशी सायंकाळी फवारावे. येथे विद्रावक पाणीच आहे. उष्णतेचे काम वेळ करतो.