पदवी उलटून पाहा

ऑनलाइन पदवीचं प्रमाणपत्र हाती आलं की आधी ते उलटून पाहावं. पुढच्या बाजूला नेहमीचाच थाट असतो. तीच विद्यापीठाची मुद्रा, तीच कुलगुरूंची सही. मागच्या बाजूला मात्र शिक्षणाची पद्धत कोणती, प्रवेश कधी घेतला, अभ्यासक्रम कधी संपला, परीक्षा कुठल्या केंद्रावर दिली, हे सगळं लिहिलेलं सापडतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमावलीने ते बंधनकारक केलं आहे. आणि हीच नियमावली दुसऱ्या एका कलमात सांगते की ऑनलाइन किंवा दूरशिक्षणातून मिळालेली पदवी वर्गात बसून मिळवलेल्या पदवीच्याच बरोबरीची धरावी. म्हणजे दोन्ही सारख्या आहेत असं सांगायचं, आणि त्या वेगळ्या कशा ओळखायच्या तेही छापून द्यायचं!

नोकरी देणारा या कागदाची कुठली बाजू वाचतो, हा टिटवाळ्यासारख्या गावात घरोघरी पडणारा प्रश्न आहे. सीएसएमटीपासून टिटवाळा सुमारे ६४ किलोमीटर. ठाण्याला किंवा घाटकोपरला नोकरी करणाऱ्याने सकाळी कसारा लोकलमधून आलेल्या गर्दीत स्वतःला कोंबायचं आणि रात्री गणपतीच्या गावात परत उतरायचं. मध्ये कॉलेज बसवायचं कुठे? म्हणून इथे ‘बाहेरून केलं’, ‘आयडॉलमधून केलं’, ‘मुक्तमधून केलं’ ही उत्तरं सर्रास ऐकू येतात. योगायोग असा, की या दोन्ही संस्था याच रेल्वेमार्गाच्या दोन दिशांना आहेत. एकीकडे कलिन्यातलं मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण केंद्र, म्हणजे लोकांच्या तोंडचं आयडॉल, जे १९७१ मध्ये पत्रद्वारा शिक्षणापासून सुरू झालं. दुसरीकडे कसारा घाट चढून गेलं की नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, स्थापना १ जुलै १९८९. ब्रीदवाक्य ‘ज्ञानगंगा घरोघरी’.

याच १९८९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत कैदेत असलेल्या नेल्सन मंडेलांनी एका दूरशिक्षण विद्यापीठाची एलएल.बी. पूर्ण केली. पाच वर्षांनी ते राष्ट्राध्यक्ष झाले. त्या पदासाठी ‘रेग्युलर की डिस्टन्स?’ असं त्यांना कोणी विचारल्याची नोंद नाही.

खरा धक्का इतिहासात बसतो. ‘रेग्युलर’ पदवी आपण ज्या मुंबई विद्यापीठाची मानतो, ते १८ जुलै १८५७ ला स्थापन झालं तेव्हा एकाही विद्यार्थ्याला शिकवत नव्हतं. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर ते फक्त परीक्षा घ्यायचं आणि पदव्या द्यायचं. शिकवण्याचं काम एल्फिन्स्टनसारख्या कॉलेजांचं. १८६२ मध्ये महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर बी.ए. झाले, तेव्हा त्यांना पदवी देणाऱ्या संस्थेचा स्वतःचा एकही वर्ग नव्हता. विद्यापीठाने स्वतः शिकवायला घेतलं ते विसाव्या शतकात. समाजशास्त्राचा विभाग निघाला १९१९ मध्ये. लंडनने तर १८५८ मध्येच कॉलेजची अटही काढून टाकली. कुठेही शिका, कसंही शिका, परीक्षेला बसा. १८६५ मध्ये त्यांची परीक्षा थेट मॉरिशसमध्ये झाली. शिकवणारा एक आणि तपासणारा दुसरा, ही आधुनिक पदवीची मूळ कल्पनाच आहे. ऑनलाइनने ती शोधलेली नाही.

तर मग मुलाखत घेणाऱ्याच्या कपाळावर आठी का येते?

याचं एक सुंदर उत्तर अर्थशास्त्रात आहे. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये एक निबंध लिहिला; त्या विचाराबद्दल त्यांना २००१ मध्ये नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : मालकाला उमेदवाराची कुवत आत डोकावून पाहता येत नाही, म्हणून तो खुणेवर भिस्त ठेवतो. पदवी ही खूण. पण खूण कामाची ठरायची तर ती मिळवणं कुवत नसलेल्याला जड गेलं पाहिजे. जी कोणालाही सहज मिळते ती खूण काही सांगतच नाही. पदवीत शिकलेलं किती कामाला येतं, हा मुद्दा इथे क्षणभर बाजूलाच राहतो. ही गोष्ट पहिल्यांदा वाचली की जरा अपमान झाल्यासारखं वाटतं, पण मुलाखतीत नेमकं तेच चालू असतं.

आता टिटवाळ्याच्या त्या नोकरदाराकडे पुन्हा पाहा. दिवसाची नोकरी, तीन तास लोकल, रात्री जेवणं उरकल्यावर अभ्यास. त्याची पदवी वर्गात बसणाऱ्यापेक्षा महाग पडलेली असते. पण ही किंमत मालकाला दिसत नाही. त्याला दिसतो तो ‘घरबसल्या पदवी’ अशी जाहिरात करणाऱ्या कुठल्या तरी संस्थेचा फलक. आठी येते ती त्या फलकामुळे.

अमेरिकेत हे प्रत्यक्ष तपासलं गेलं. डेव्हिड डेमिंग, क्लॉडिया गोल्डिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काल्पनिक उमेदवारांचे हजारो अर्ज खऱ्या जाहिरातींना पाठवले आणि कोणाला बोलावणं येतं ते मोजलं. २०१६ मध्ये निष्कर्ष छापून आले. नफ्यासाठी चालणाऱ्या ऑनलाइन संस्थेची व्यवसाय विषयातली पदवी असेल, तर साध्या सरकारी विद्यापीठाच्या पदवीपेक्षा बोलावणं येण्याची शक्यता २२ टक्क्यांनी कमी. मला मात्र या अभ्यासातली दुसरी नोंद जास्त मोलाची वाटते. आरोग्यक्षेत्रातल्या ज्या नोकऱ्यांना परवान्यासारखी बाहेरची कसोटी आवश्यक होती, तिथे नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थेच्या प्रमाणपत्राचा हा तोटा दिसला नाही. तिसऱ्या कोणी तरी पारख केली असेल, तर कुठून शिकलात याचं मालकाला फारसं पडलेलं नसतं.

आपल्याकडे याचा पुरावा डोंबिवली-ठाण्याच्या गल्लोगल्ली पाट्या लावून बसला आहे : सी.ए. १ जुलै १९४९ ला स्थापन झालेल्या, सी.ए. घडवणाऱ्या संस्थेकडे पारंपरिक अर्थाने कॉलेजच नाही. नाव नोंदवायचं, संस्थेचं अभ्याससाहित्य घ्यायचं, एखाद्या फर्ममध्ये आर्टिकलशिप करायची, क्लास लावायचा तर लावायचा आणि परीक्षेला बसायचं. हे दूरशिक्षण नाही तर काय आहे? तरी सी.ए. झालेल्याला ‘कुठल्या कॉलेजातून?’ असं कोणी विचारत नाही. त्या परीक्षेत किती जण गळतात ते सगळ्यांना ठाऊक आहे, तेवढं पुरतं.

सरकारी नोकरीत हा गोंधळ कमी. मान्यताप्राप्त विद्यापीठांच्या दूरशिक्षणाच्या पदव्या केंद्राच्या नोकऱ्यांसाठी ग्राह्य धरण्याची अधिसूचना १९९५ पासून आहे. एमपीएससीलाही मुक्त विद्यापीठाचा पदवीधर बसतो. तिथे स्पर्धा परीक्षा हीच ती बाहेरची कसोटी. खासगी कंपनीत मोठं नुकसान होतं ते वेगळ्याच जागी. ऑनलाइन विद्यार्थ्याच्या दारात कॅम्पस प्लेसमेंट सहसा येत नाही. पहिली नोकरी त्याला स्वतः शोधावी लागते. दोन-चार वर्षांचा अनुभव जमला की बोलणं कामाचंच होतं आणि पदवीची मागची बाजू व्हेरिफिकेशन करणाऱ्यापुरती उरते.

मात्र काही विषयांत आठीचा प्रश्नच उरत नाही, कारण पदवीच टिकत नाही. ३ नोव्हेंबर २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने चार अभिमत विद्यापीठांनी दूरशिक्षणाने दिलेल्या इंजिनिअरिंगच्या पदव्यांबाबत निकाल दिला. २००१ ते २००५ मध्ये प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित झाल्या, त्यांना नव्याने परीक्षा देण्याची संधी मिळाली. नंतरच्यांच्या रद्दच झाल्या. त्या पदव्यांवर नोकरीत बढत्या घेतलेली माणसं यात होती. वैद्यक, नर्सिंग, फार्मसी, कायदा, आर्किटेक्चर हेही ऑनलाइन चालत नाही. २०२५ पासून मानसशास्त्र आणि आहारशास्त्रासारख्या आरोग्याशी संबंधित विषयांचीही त्यात भर पडली आहे.

तेव्हा माझं मत सरळ आहे. बी.कॉम., बी.ए., एम.कॉम. ऑनलाइन करायला हरकत नाही. आणि त्याच्या जोडीला सी.ए., एखादी स्पर्धा परीक्षा किंवा दाखवता येईल असं काम ठेवा, म्हणजे तुमच्या कष्टांची किंमत दुसऱ्याला दिसेल. प्रवेशापूर्वी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर विद्यापीठ, विषय आणि वर्ष, तिन्हींची मान्यता तपासा. २०२४ पासून प्रवेशाला लागणारा याच विभागाचा ‘डीईबी’ क्रमांक स्वतः काढा, एजंटाकडून नको. आणि बी.ई. ऑनलाइन देतो असं कोणी म्हणालं, तर एक रुपयाही भरू नका.