फिट येते तेव्हा मेंदूत काय होतं?

वस्तीत कुणाला फिट आली की गर्दी जमते. कुणी चप्पल हुंगवतं, कुणी कांदा फोडून नाकाशी धरतं, कुणी दातखीळ सोडवायला तोंडात चमचा घालतं. दोन-तीन मिनिटांत झटके थांबतात आणि सगळ्यांना वाटतं, कांद्याने काम केलं. खरं म्हणजे बहुतेक फिट एवढ्या वेळात आपोआपच थांबते. ती का येते आणि तिच्यावरची गोळी काय करते, हे कळायचं तर मेंदूतल्या पेशी एकमेकींशी कशा बोलतात ते आधी पाहावं लागेल.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. प्रत्येकीला झाडाच्या मुळ्यांसारखे फाटे असतात आणि एक लांब तंतू असतो. या तंतूतून निरोप विजेच्या लहरीसारखा धावतो. पेशीच्या आत-बाहेर सोडियम आणि पोटॅशियमचे कण ये-जा करतात, त्यातून ही वीज तयार होते.

पण एक पेशी दुसरीला चिकटलेली नसते. मध्ये फट असते, केसाच्या जाडीच्या काही हजाराव्या भागाएवढी. बहुतेक ठिकाणी ही फट वीज ओलांडत नाही, रसायन ओलांडतं. तंतूच्या टोकाशी रसायनाने भरलेल्या सूक्ष्म पिशव्या असतात. वीज तिथे पोचली की पिशव्या उघडतात, रसायन फटीत उतरतं आणि पलीकडच्या पेशीवर, कुलपात किल्ली बसावी तसं बसतं. निरोप पोचला की ते रसायन लगेच आवरलं जातं.

हे पहिल्यांदा स्पष्ट दाखवलं ऑस्ट्रियातल्या ऑटो लोवी यांनी, १९२१ साली. त्यांनी बेडकांची दोन हृदयं खाऱ्या पाण्यात धडधडत ठेवली. पहिल्या हृदयाच्या मज्जातंतूला वीज दिली, ठोके मंदावले. मग त्या हृदयाजवळचं पाणी दुसऱ्या हृदयाला दिलं, तर त्याचेही ठोके मंदावले. म्हणजे मज्जातंतूने पाण्यात काहीतरी सोडलं होतं. या कामासाठी १९३६ साली लोवी यांना हेन्री डेल यांच्यासोबत नोबेल पारितोषिक मिळालं.

मेंदूतली ही रसायनं मुख्यतः दोन गोष्टी सांगतात. ग्लुटामेट सांगतं, ‘निरोप पुढे ने.’ गाबा सांगतं, ‘थांब.’ रिक्षाला जसा अ‍ॅक्सिलरेटर आणि ब्रेक, तसंच हे. दोन्हींचा मेळ असतो तोवर बोलणं, चालणं, आठवणं सुरळीत चालतं. मेळ बिघडला की असंख्य पेशी एकाच वेळी, एकाच ठेक्यात निरोप सोडू लागतात. सभेत सगळेच एकदम ओरडू लागले तर कुणाचंच ऐकू येत नाही, तसा मेंदूचा कारभार अडतो. त्यालाच फिट म्हणतात. तो भूतबाधेचा, करणीचा किंवा मागल्या जन्मीच्या पापाचा प्रकार नाही. तो संसर्गानेही पसरत नाही. रुग्णाला हात लावायला घाबरू नका.

मेळ बिघडायची कारणं अनेक आहेत : जन्माच्या वेळी बाळाला प्राणवायू कमी पडणं, डोक्याला मार, मेंदूज्वर, पक्षाघात. आपल्या देशात आणखी एक मोठं कारण आहे, मेंदूत शिरणारी जंताची अळी. माणसाच्या विष्ठेतून या जंताची अंडी पाण्यात, भाजीवर आणि हातांवर येतात. त्यामुळे कधीच मांस न खाणाऱ्यालाही ती होऊ शकते. शौचानंतर आणि जेवणाआधी साबणाने हात धुणं, कच्ची भाजी नीट धुणं, हा तिच्यावरचा उपाय आहे. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती एकदम बंद केली तरी फिट येऊ शकते, कारण दारूची सवय झालेल्या मेंदूतले ब्रेक ढिले पडलेले असतात. अशा माणसाने दारू जरूर सोडावी, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

तपासणीत ईईजी काढतात. डोक्याला वायरी लावतात म्हणून अनेक जण घाबरतात. त्यात करंट देत नाहीत, मेंदूतला करंट फक्त मोजतात.

फिटच्या गोळ्याही याच बोलण्यावर काम करतात. काही गोळ्या सोडियमची ये-जा आवरतात, काही गाबाचा ब्रेक घट्ट करतात. गोळी रक्तात असते तोवरच हे काम चालतं. म्हणून सहा महिने फिट आली नाही, आता गोळी कशाला, हा हिशेब धोक्याचा आहे. गोळी एकदम बंद केली तर न थांबणारी फिट येऊ शकते आणि जीवही जाऊ शकतो. योग्य उपचार मिळाले तर १०० पैकी सुमारे ७० रुग्ण फिटशिवाय जगू शकतात. गोळी कधी आणि कशी कमी करायची, ते डॉक्टरांनी ठरवायचं. काही गोळ्या गर्भाला बाधतात, म्हणून बाईने मूल होऊ देण्याआधीच डॉक्टरांकडून गोळी बदलून घ्यावी, मनाने सोडू नये.

समोर फिट आली तर एवढं करा. घड्याळ पाहा. जवळची चूल, दगड, धारदार वस्तू दूर करा. डोक्याखाली मऊ कापड ठेवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा. माणसाला कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर पडेल. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत, शुद्ध न येता पुन्हा फिट आली, किंवा ती पहिलीच फिट असेल, तर १०८ ला फोन करा.

एक गोष्ट लग्नाची. मुलीला फिट येते हे घरोघर लपवलं जातं आणि सासरी गेल्यावर तिची गोळी चोरून चालते किंवा बंद पडते. बौद्धांनाही लागू असलेल्या हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली वारंवार येणारी फिट ही लग्नाला अडसर ठरवणारी अट घातली गेली होती. १९९९ साली ती काढून टाकली. कायद्याने अडसर काढला आहे, आता आपण काढायचा आहे. बोलणी करतानाच आजार उघड सांगा. नव्या घरात जाताना तिच्या पिशवीत डॉक्टरांची चिठ्ठी आणि महिन्याची गोळी उघडपणे असू द्या.