शिसं किती कठीण असावं?

वाङ्मय मंडळाच्या अंकात बंदुकीच्या गोळीवर लेख कशाला, असं आमच्या संपादिकेने विचारलंच. कारणं दोन. एक, विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’. दुसरं, आमच्या घरातला बिस्किटांचा पत्र्याचा डबा.

डब्यापासून सुरुवात करते. माझे आजोबा वसईचे. मुंबईत एका छापखान्यात खिळे जुळवायचे. छापखाना ऑफसेटवर गेला तेव्हा मूठभर खिळे घेऊन ते घरी आले. पुढे पप्पांच्या नोकरीमुळे आम्ही इंदूरला आलो, तसा डबाही आला. त्यात खिळ्यांबरोबर मासेमारीच्या जाळ्याला लावायचे शिशाचे चार-पाच गोळेही आहेत. दोन्ही शिसंच, असा माझा समज होता. एकदा सहज नख ओढून पाहिलं. जाळ्याच्या शिशावर लगेच चरा उठला. खिळ्यावर काही नाही, माझं नखच झिजलं. (कुणी करून पाहणार असाल तर नंतर हात साबणाने धुवा. शिसं विषारी असतं. आजोबा घरी आले की हात धुतल्याशिवाय आजी त्यांना पाण्याचा तांब्यासुद्धा देत नसे म्हणे.)

शुद्ध शिसं मऊच असतं. ते कठीण करायचं तर त्यात मुख्यतः अँटिमनी घालतात. तिचे कडक स्फटिक मऊ शिशात पसरतात आणि त्याला सहजासहजी दबू देत नाहीत. जोडीला थोडं कथील घातलं की वितळलेला रस पातळ होतो आणि साच्याचे कानेकोपरे नीट भरतो. हा कठीणपणा मोजायची एक रीत योहान ब्रिनेल या स्वीडिश अभियंत्याने 1900 मध्ये मांडली. ठरलेल्या वजनाने पोलादी गोळी धातूवर दाबायची आणि पडलेला खळगा मोजायचा. खळगा लहान, तर आकडा मोठा. शुद्ध शिशाचा आकडा साधारण 5 येतो. लायनोटाइप यंत्राचा धातू, म्हणजे 84 टक्के शिसं, 12 टक्के अँटिमनी आणि 4 टक्के कथील, 22 च्या आसपास जातो. हाताने जुळवायच्या खिळ्यांत अँटिमनी आणखी जास्त, म्हणून ते त्याहून कठीण. हजारो कागदांचा दाब सोसूनही अक्षराची कड बोथट होता कामा नये ना!

आता ‘माझा प्रवास’. गोडसे भटजी 1857 मध्ये आपल्या शेजारच्या महूजवळ पोचतात आणि तिथे शिपायांच्या तोंडून त्यांना काडतुसांची हकिगत कळते. ही चरबीची गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. पण चरबी लागायचीच कशाला, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. उत्तर त्या मऊ शिशात आहे. एन्फिल्ड रायफल तोंडाकडून भरायची. नळीच्या आत पीळ दिलेल्या खाचा होत्या, त्यांच्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते. पण गोळी खाचांत घट्ट बसणारी केली तर तोंडाकडून आत सरकणार कशी? म्हणून गोळी नळीपेक्षा किंचित बारीक, बुडाशी पोकळ आणि मऊ शिशाची केली. दारू पेटली की बूड फुगून खाचांत रुतायचं. तिच्याभोवतीच्या कागदाला वंगण लावलं की गोळी सहज आत जायची आणि नळीत साचणारी दारूची काजळीही नरम राहायची. गोळी कठीण धातूची असती तर फुगलीच नसती आणि सगळी युक्ती फसली असती.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला बिनधुराची दारू आली. वेग आणि दाब इतके वाढले की मऊ शिसं खाचांवर घासून नळीला चिकटू लागलं. त्यावर मुख्य उपाय निघाला तांब्याच्या मिश्रधातूच्या आवरणाचा. नुसत्या ओतीव शिशाच्या गोळ्या आजही बनतात, विशेषतः अमेरिकेत. तिथे कारखान्यातून विकल्या जाणाऱ्या ओतीव गोळ्यांचं नेहमीचं मिश्रण आहे 92 टक्के शिसं, 6 अँटिमनी आणि 2 कथील, आणि आकडा 15-16. डब्यावर ‘कठीण’ असं अभिमानाने छापलेलं असतं, आणि गिऱ्हाइकाला वाटतं, कठीण म्हणजे भारी.

मला इथेच गंमत वाटली. हा कठीणपणा बऱ्याच अंशी विकणाऱ्याची सोय आहे. हे मिश्रण यंत्राच्या साच्यात झटपट आणि स्वच्छ भरतं. गोळ्या एकमेकींवर आपटत डब्यातून शेकडो मैल जातात, तरी त्यांना पोचे पडत नाहीत. पण बेताच्या दाबाच्या बंदुकीत अशी गोळी फुगून नळी बंद करत नाही. मग तापलेला वायू तिच्या कडेने निसटतो, शिसं कापत जातो आणि ते नळीला चिकटतं. म्हणजे फार मऊ असली तरी शिसं चिकटतं आणि फार कठीण असली तरी चिकटतं!

शिकारीत याची किंमत जनावर मोजतं. फार कठीण गोळी शरीरात न पसरता आरपार जाते, आणि जखमी जनावर तासन्‌तास फिरत राहतं. लायनोटाइपइतकी कठीण असेल तर ती ठिसूळही असते, हाडावर आपटून फुटू शकते. म्हणून जाणते शिकारी त्यापेक्षा मऊ मिश्रण घेतात, अँटिमनी कमी आणि थोडं कथील. अर्थात शिशाचे बारीक कण मांसात राहतात, ते खाणाऱ्या गिधाडांना विषबाधा होते. कॅलिफोर्नियात तर 1 जुलै 2019 पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद आहेत. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आता हौशी शिकारीचा प्रश्नच उरत नाही. इंदूरजवळच्या रालामंडलच्या टेकडीवर होळकरांची शिकारकोठी आहे. आता ते अभयारण्य आहे आणि आपण तिथे सहलीला जातो.

शेवटी एक गोष्ट, जी वाचून मी जरा वेळ गप्पच बसले. छापखाने ऑफसेटवर गेले तेव्हा अमेरिकेत घरी गोळ्या ओतणाऱ्या हौशी लोकांनी लायनोटाइपचा धातू भंगारातून विकत घेतला. मऊ शिशात मिसळून ते कठीण करायला तो अगदी सोयीचा. कुणाच्या बातम्या, कुणाच्या कविता ज्या धातूने छापल्या, त्याच्याच गोळ्या झाल्या.

ही हौशी मंडळी कठीणपणा पाहायला चित्रकलेच्या पेन्सिली वापरतात. 6बीपासून सुरू करून एकेक कडक पेन्सिल धातूवर रेटायची. जिने पहिला चरा उठेल तिच्यावरून अंदाज बांधायचा. मीही करून पाहिलं. जाळ्याच्या शिशावर पहिल्याच मऊ पेन्सिलीने ओरखडा आला. आजोबांच्या ‘क’ला एचबीनेसुद्धा काही झालं नाही. ‘ळ’वर मात्र मी पेन्सिल लावली नाही, तो डब्यात एकच आहे.