बाजारात नसलेल्या खेळाची प्रत : चोरी की जतन?

शाळेत संगणक आला की त्याच्या मागोमाग खेळही येतात. १९९० नंतरच्या दशकात आपल्याकडे डॉसवर चालणारे संगणक जेथे जेथे होते, तेथे 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा खेळ बहुधा फ्लॉपीवरून फ्लॉपीवर उतरतच पोचला. त्या काळातले असंख्य खेळ आज विकत मिळत नाहीत. 'व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन' या अमेरिकी संस्थेने २०२३ साली केलेल्या पाहणीत आढळले, की २०१० पूर्वी अमेरिकेत प्रकाशित झालेल्या खेळांपैकी सुमारे ८७ टक्के खेळ बाजारात उपलब्ध नाहीत. अशा वेळी एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, "सर, जी वस्तू कोणी विकतच नाही, तिची प्रत केली तर चोरी कशी?" या प्रश्नाला नुसते 'होय' किंवा 'नाही' म्हणून भागत नाही. त्याला विज्ञानाची, कायद्याची आणि नीतीची अशा तीन बाजू आहेत. त्या क्रमाने पाहू.

फ्लॉपी किती वर्षे टिकते?

फ्लॉपी म्हणजे पॉलिएस्टरची पातळ चकती. तिच्यावर चुंबकीय पदार्थाचा लेप असतो आणि लेपातील कणांच्या चुंबकीय दिशेत केलेल्या बदलांच्या रूपाने ० आणि १ यांची नोंद होते. उष्णता, दमट हवा, जवळपासचे चुंबक यांमुळे ही नोंद हळूहळू पुसट होते. लेप धरून ठेवणारा चिकट पदार्थ सैल पडतो. कोकणासारख्या हवेत चकतीवर बुरशीही येते. कसर लागलेले पुस्तक चार अक्षरे गाळून वाचता येते. संगणकाच्या आज्ञावलीत मात्र मोक्याची चार अक्षरे बिघडली तर ती सुरूच होत नाही.

याची दुसरी बाजू आशेची आहे. हाताने पोथी उतरवताना चुका शिरतात. ज्ञानेश्वरीच्या प्रतींमध्ये असे पाठभेद साचले होते, म्हणून १५८४ साली एकनाथांना शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. अंकांच्या रूपातील माहितीची प्रत मात्र तपासून केली तर मुळाशी तंतोतंत जुळते. शंभराव्या प्रतीतही फरक पडत नाही. म्हणून अशी माहिती जपण्याचा एकच खात्रीचा मार्ग आहे : जुने माध्यम निकामी होण्याआधी ती नव्या माध्यमावर उतरवणे. जुनी फ्लॉपी कपाटात कुलूपबंद ठेवली तर ती तेथेच मरते.

'प्रिन्स ऑफ पर्शिया'चेच उदाहरण घ्या. जॉर्डन मेक्नर यांनी हा खेळ 'ॲपल टू' या संगणकासाठी लिहिला आणि तो १९८९ साली प्रकाशित झाला. धाकट्या भावाला पळायला, उडी मारायला सांगून त्यांनी चित्रण केले व त्यावरून एकेक चित्र रेखून घेतले. म्हणूनच त्यातला राजपुत्र खऱ्या माणसासारखा हलतो. खेळाची मूळ आज्ञावली हरवली असे मानले जात होते. २०१२ साली मेक्नर यांच्या वडिलांना एका खोक्यात जुन्या फ्लॉपी सापडल्या. जुन्या यंत्रांच्या जाणकारांनी त्या वाचून काढल्या आणि मेक्नर यांनी ती आज्ञावली सर्वांसाठी खुली केली. बावीस-तेवीस वर्षे त्या फ्लॉपी तगल्या हे नशीब. सगळ्याच तगत नाहीत.

यंत्रच नसेल तर?

आज्ञावली वाचली तरी ती चालवायची कशावर? 'ॲपल टू'मधील ६५०२ हा प्रक्रियक सेकंदाला सुमारे १० लाख ठोके घेत असे. आजचा साधा संगणक सेकंदाला शेकडो कोटी ठोके घेतो. त्यामुळे जुन्या यंत्राच्या एकेका कृतीची नक्कल नवा संगणक सहज करू शकतो. अशी नक्कल करणाऱ्या आज्ञावलीला इम्युलेटर म्हणतात. याच तंत्राने 'इंटरनेट आर्काइव्ह' या संस्थेने २०१५ साली डॉसवरचे सुमारे २४०० खेळ लोकांना पाहण्यासाठी आणि खेळण्यासाठी ठेवले. म्हणजे तांत्रिक अडचण बरीचशी सुटलेली आहे. उरते ती परवानगीची.

कायदा काय म्हणतो?

विक्री थांबली म्हणून हक्क संपत नाही. अमेरिकेत कंपनीसाठी तयार झालेल्या कामावरील हक्क प्रकाशनापासून ९५ वर्षे टिकतो. म्हणजे १९८९ सालचा असा खेळ २०८४ अखेरपर्यंत बंधनात राहील. फ्लॉपी इतकी जगण्याची आशा नाही. तेथे २००३ साली, कालबाह्य माध्यमांवरील खेळांचे प्रती-रोधक कुलूप जतनासाठी तोडण्याची मर्यादित सवलत मिळाली. परंतु अभ्यासकांना असे खेळ दूरस्थपणे वापरू द्यावेत ही ग्रंथालयांच्या वतीने केलेली मागणी २०२४ साली नाकारली गेली.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक-आज्ञावली ही साहित्यकृती मानली आहे. तिचे संरक्षण लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत चालते. आज्ञावलीची प्रत रीतसर बाळगणाऱ्याला ती नष्ट होण्याच्या भीतीपोटी राखीव प्रत करता येते. याच कायद्यात एक लक्षणीय तरतूद आहे. एखादे पुस्तक भारतात विक्रीला उपलब्ध नसेल, तर ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःच्या वापरासाठी त्याच्या तीनपर्यंत प्रती करता येतात. म्हणजे 'बाजारात नाही' या गोष्टीला कायद्याने वजन दिले आहे, पण ते पुस्तकांपुरते. ग्रंथालयाला जतनासाठी संगणकीय प्रत ठेवण्याची सवलतही आहे. मात्र त्यासाठी त्याच्याकडे मूळ कृतीची संगणकीय नसलेली प्रत हवी. जन्मतःच संगणकीय असलेला खेळ त्यात कसा बसणार?

नुकसान कोणाचे?

आता नीतीकडे वळू. चोरीत एकाची वस्तू जाते. प्रतीत मूळ वस्तू जागेवर राहते. तरीही कर्त्याचा मोबदला बुडत असेल तर ते नुकसानच. विक्रीच बंद असेल तर मोबदला कसा बुडेल? येथे सावध राहायला हवे, कारण बंद पडलेली विक्री पुन्हा सुरू होऊ शकते. 'सिस्टम शॉक टू' हा १९९९ सालचा खेळ. तो तयार करणारी कंपनी २००० साली बंद पडली आणि हक्क एका विमा कंपनीकडे गेले. एका छोट्या कंपनीने ते मिळवून २०१३ साली खेळ पुन्हा विकायला आणला. त्याच कंपनीने 'नो वन लिव्ज फॉरएव्हर' या २००० सालच्या खेळासाठीही खटपट केली. पण हक्क नक्की कोणाकडे आहेत हे संबंधित मोठ्या कंपन्यांकडूनच स्पष्ट होईना, आणि प्रयत्न सोडावा लागला.

पहिल्या उदाहरणात फुकट प्रत घेणारा उद्याच्या विक्रीला थोडा का होईना धक्का देतो. दुसऱ्यात पैसे द्यायची तयारी असली तरी ते कोणाला द्यावेत हेच कळत नाही. म्हणून आमच्या मते प्रत करण्याआधी चार प्रश्न विचारावेत. खेळ आज कोठेही रीतसर मिळतो का? हक्कधारकाचा पत्ता लागतो का, आणि त्याला विचारले का? प्रत जपण्यासाठी, अभ्यासासाठी आहे की पैसे वाचवण्यासाठी? ती विकून कोणी नफा कमावतो आहे का? खेळ मिळत असेल तर विकत घ्यावा. प्रती विकणे कोणत्याही परिस्थितीत गैर. ग्रंथालयाने जतनासाठी केलेली प्रत मात्र आम्ही कर्तव्य मानतो, आणि पुस्तकांना दिलेली सवलत खेळांनाही मिळावी असे आम्हांला वाटते. ती मिळेपर्यंत शाळेने संस्था म्हणून कायद्याच्या आतच राहावे आणि कर्त्यांनी स्वतः खुले केलेले खेळ वापरावेत. नियम अपुरा आहे असे वाटणे आणि तो गुपचूप मोडणे यांतला फरक विद्यार्थी आपल्या वागण्यातूनच शिकतात.

वर्गात करून पाहा

१. एक साधे चित्र काढा. पहिल्या मुलाने ते पाहून काढावे, दुसऱ्याने पहिल्याचे पाहून, असे दहा मुलांपर्यंत. पहिले आणि दहावे चित्र शेजारी ठेवा.

२. आता ० आणि १ यांच्या प्रत्येकी सात अंकांच्या पाच ओळी लिहा. प्रत्येक ओळीतील १ ची एकूण संख्या सम होईल असा आठवा अंक जोडा. हा कागदही दहा जणांकडून उतरवून घ्या. मात्र प्रत्येकाने पुढे देण्यापूर्वी १ ची संख्या मोजावी आणि ती विषम आली तर मागच्या कागदाशी ताडून दुरुस्ती करावी. दहावी प्रत मुळाशी जुळते का? एकाच ओळीत दोन चुका झाल्या तर ही तपासणी त्या पकडू शकेल का?

३. वर्गाचे दोन गट करा. एक हक्कधारकांचा, दुसरा ग्रंथपालांचा. वरच्या दोन्ही खेळांवर वाद घाला, आणि अर्ध्या तासाने गटांच्या बाजू बदला.